आकाश सांगणाऱ्यांचा मान

शके १९४२ च्या मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस, म्हणजे २१ डिसेंबर २०२० रोजीं, सायंकाळीं कुंभार पिंपळगांवांतील आमच्या घराच्या गच्चीवर दहा-बारा माणसें जमलीं होतीं. साथीचे दिवस असल्यामुळें तोंडावर फडकीं होतीं, आणि अंतर राखून उभें राहण्याचा प्रयत्न जो तो आपापल्या परीनें करीत होता. नैर्ऋत्येस क्षितिजाच्या थोडें वर गुरु आणि शनि हे दोन ग्रह इतके जवळ आले होते कीं, चंद्रबिंबाच्या रुंदीच्या पांचव्या हिश्शाएवढेंच अंतर त्यांच्यामध्यें उरलें होतें. १६२३ सालानंतर त्यांची इतकी जवळून गांठ पडलेली नव्हती. गांवांतील एका शिक्षकांनीं आपली लहानशी दुर्बीण आणून लावली होती. तिच्यांतून पाहतां गुरूचे चंद्र आणि शनीचें कडें हीं दोन्ही एकदमच दृष्टीस पडत. हें दृश्य ज्यानें एकदां पाहिलें तो तें सहसा विसरणार नाहीं. पण आमच्या गच्चीवर पहिला प्रश्न आला तो ठरलेलाच. शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं दुर्बिणीवरून डोळा काढला आणि विचारलें, 'गुरुजी, ह्याचं फळ काय हो?' गुरुजी शांतपणें म्हणाले, 'फळ एकच, मावशी. थंडीत फार वेळ वर बघितलं तर उद्या मान धरते.'

त्या मंडळींत एक मुलगी होती. तिचें लग्न दोन ठिकाणीं ठरत ठरत मोडलें होतें, आणि दोन्ही वेळां कारण एकच: पत्रिकेंतील मंगळ. त्या रात्रीं मंगळहि आकाशांत होता. सात वाजण्याच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर आलेला, तांबूस आणि ठसठशीत. गुरु-शनि मावळतीला टेकल्यावर तिनें हळूच विचारलें, 'गुरुजी, मंगळ दाखवता का?' गुरुजींनीं दुर्बीण वळविली. तिनें बराच वेळ पाहिलें. मग म्हणाली, 'एवढाच आहे का हो हा?'

हे दोन प्रश्न माझ्या मनांत पुष्कळ दिवस घोळत राहिले. ग्रह या शब्दाचा मूळ अर्थच धरणारा, पकडणारा असा आहे. आणि त्यानें धरलेल्यास सोडविण्याचें काम आपल्याकडे शांति करणाऱ्यांचें मानलें गेलें. परंतु गेल्या दीडशें-पावणेदोनशें वर्षांत महाराष्ट्रांत असेहि विद्वान् होऊन गेले कीं, ज्यांनीं ग्रहांचें गणित तर केलेंच, पण शिवाय ते ग्रह सामान्य माणसास त्याच्या भाषेंत उघडे करून दाखविले. त्यांना मान मिळाला नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. मिळाला, पण तो बहुधा दुसऱ्याच कामाबद्दल मिळाला. आकाश लोकांस समजावून सांगणें हें स्वतंत्र आणि कठीण काम आहे, हें ओळखावयास आपल्या समाजाला फार वेळ लागला. त्या वेळाचीच ही हकीकत आहे.

या परंपरेचा आरंभ शोधावयाचा तर केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापाशीं थांबावें लागतें. पुण्याच्या कॉलेजांतील गणिताचे हे प्राध्यापक. लोकमान्य टिळक त्यांचे शिष्य. १८६० सालीं त्यांनीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपांतील नव्या वेधांवर आधारलेलीं हीं कोष्टकें घेऊन बसलें असतां ग्रह गणितानें जेथें येतो तेथेंच आकाशांत दिसतो, असा त्यांचा गुण होता. जुन्या करणग्रंथांवरून काढलेल्या पंचांगांत हा मेळ कित्येक ठिकाणीं तुटला होता. त्या कोष्टकांवरून पटवर्धनी पंचांगहि निघूं लागलें. तरीपण तें घरोघर पोंचलें नाहीं. गणित बिनचूक होतें. पण नव्या गणितानें क्वचित् सणाचा दिवस बदले, अधिक महिना वेगळा पडे, आणि असें कां होतें हें परटाला, कुणब्याला, किंबहुना शेजारच्या भटजीलाहि पटेल अशा शब्दांत सांगणारें कोणी नव्हतें. एकादी गोष्ट खरी असणें आणि ती लोकांस खरी वाटणें यांच्यामध्यें जें अंतर असतें, तें मोजणारीं कोष्टकें छत्र्यांजवळ नव्हतीं.

तें अंतर चालून जाणारा पुरुष कोंकणांतून आला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ सालीं दापोलीजवळच्या मुरुड गांवीं झाला. त्यांनीं सारा जन्म शिक्षकाची नोकरी केली. ती करीत गांवोगांव फिरले, आणि अखेरीस पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत आले. ना मोठी पदवी, ना वेधशाळा. शाळा सुटल्यावर उरलेल्या वेळांत या मास्तरांनीं जें काम केलें त्याचा पसारा पाहिला म्हणजे मन थक्क होतें. फ्लीटसाहेबांनीं गुप्त राजांचे शिलालेख १८८८ सालीं प्रसिद्ध केले, तेव्हां त्यांतील तिथि-वारांचें गणित दीक्षितांनीं करून दिलें होतें. लंडनमध्यें १८९६ सालीं हिंदी कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ निघाला, त्यावर रॉबर्ट सीवेल यांच्या नांवाशेजारीं दीक्षितांचें नांव आहे. आणि त्याच वर्षीं पुण्यास 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा त्यांचा प्रचंड मराठी ग्रंथ बाहेर पडला.

या शेवटच्या ग्रंथास दक्षिणा प्राइझ कमिटीचें बक्षीस मिळालें होतें. येथें थोडें थांबण्याजोगें आहे. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस जी दक्षिणा वांटली जात असे, तिच्या रकमेचा कांहीं भाग इंग्रजी अमलांत मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्याकडे वळविण्यांत आला. त्या पैशांतून हें बक्षीस आलें. म्हणजे जी दक्षिणा एके काळीं शास्त्र मुखोद्गत असणाऱ्यास मिळे, ती आतां शास्त्र मराठींत लिहून सर्वांच्या हातीं देणाऱ्यास मिळाली. हा फरक लहान नव्हे. तथापि बक्षीस होतें तें इतिहासाच्या संशोधनाबद्दल, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

दीक्षितांचें दुसरें एक पुस्तक आहे. १८९२ सालीं निघालेल्या या पुस्तकाचें नांव 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. माझ्या आजोबांच्या लांकडी पेटींत त्याची एक जीर्ण प्रत होती; मुखपृष्ठ गेलेलें, पानें करपल्यासारखीं पिवळीं. आमचा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सरकारदरबार उर्दूंत, वरचें शिक्षणहि उर्दूंत. पुण्या-मुंबईकडचें मराठी पुस्तक येथवर येई तें उशिरा आणि बहुधा योगायोगानें. याच तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव असल्यामुळें अक्षराविषयींचा आदर आमच्याकडे जुना होता, पण छापील पुस्तक दुर्मिळच. त्या प्रतीनें पिंपळगांवची वाट कशी धरली हें आजोबांनीं कधीं सांगितलें नाहीं. मीं ती प्रथम वाचली ती वयाच्या बाराव्या वर्षीं, अंगणांत बाजेवर पडून, एक डोळा पुस्तकावर आणि एक आकाशावर ठेवून.

नांवांतील 'दोन घटका' या शब्दांची गंमत मला पुढें फार वर्षांनीं समजली. एक घटका चोवीस मिनिटांची. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटें. आणि शास्त्राप्रमाणें दोन घटकांचा एक मुहूर्त होतो. ज्या अवधीकरितां लोक जोशाच्या दारीं जाऊन बसत, बरोबर तेवढाच अवधि दीक्षित वाचकाकडे मागतात. मात्र कार्यसिद्धीसाठीं नव्हे, मौजेसाठीं. त्यांनीं हें मुद्दाम केलें किंवा सहज झालें, याचा निर्णय कोणी करूं नये. पण ज्योतिषाच्या पुस्तकावर मौज हा शब्द छापणारा माणूस आपल्या वाचकाच्या मनांतील भीति पुरतेपणीं ओळखून होता, यांत मला शंका वाटत नाहीं.

याच माणसाच्या संशोधनाचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. शतपथब्राह्मणांत एके ठिकाणीं कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत असें म्हटलें आहे. शेंकडों पंडितांनीं हें वाक्य म्हटलें असेल. दीक्षितांनीं तें वेध म्हणून वाचलें. कृत्तिका आज ठीक पूर्वेस उगवत नाहींत. आमच्या गच्चीवरून पाहिल्यास त्या पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारें पंचवीस अंशांवर उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोंवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्याचा एक फेरा सुमारें २५,८०० वर्षांनीं पुरा होतो, आणि त्यामुळें तारे वर्षानुवर्षें उत्तर-दक्षिण सरकत जातात. कृत्तिका ठीक पूर्वेस कधीं उगवत असाव्यात याचें गणित केलें तर काल येतो इसवी सनापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षें. या अनुमानावर पुढें वाद झाले व ते संपलेले नाहींत. त्या वाक्यावरून इतका ठाम काल काढावा कीं नाहीं याविषयीं मलाहि संकोच वाटतो. परंतु पद्धत पाहावी. हातांत पोथी आहे, डोळे आकाशाकडे आहेत, आणि मधला दुवा गणिताचा आहे. ज्या माणसास पोथीचें वाक्य असें उघडतां आलें, त्यालाच 'ज्योतिर्विलास' लिहितां आला. संशोधन हें थोरलें काम आणि लोकांस सांगणें हें फावल्या वेळचें, अशी वांटणी दीक्षितांच्या बाबतींत करतां येत नाहीं.

आपण मात्र ती केली. दीक्षित १८९८ सालीं, पंचेचाळिशी गांठण्यापूर्वींच, वारले. त्यांच्या इतिहासग्रंथाचें हिंदी भाषांतर १९५७ सालीं झालें. भारत सरकारच्या वेधशाळा खात्यानें इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ सालीं आणि दुसरा १९८१ सालीं काढला. हा मान योग्यच होता. 'ज्योतिर्विलास' मात्र त्यांच्या चरित्रांत ग्रंथांच्या यादींत एका ओळीपुरता येतो, आणि वाचणारा पुढच्या ओळीकडे जातो.

दीक्षितांचे समकालीन व्यंकटेश बापूजी केतकर यांच्याविषयीं थोडक्यांत सांगतों. तेहि शिक्षकच. त्यांचें 'ज्योतिर्गणित' आणि 'केतकी ग्रहगणित' हे ग्रंथ संस्कृतांत आहेत, व पंचांगकर्त्यांवर त्यांचे उपकार मोठे आहेत. १९११ सालीं फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या मासिकांत त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असें अनुमान मांडलें. त्यांपैकीं एकाचें अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारें ३९ पट आणि प्रदक्षिणाकाल सुमारें २४२ वर्षें असें त्यांनीं दिलें होतें. १९३० च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत प्लूटो सांपडला. त्याचें सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट आणि प्रदक्षिणाकाल २४८ वर्षें. केतकर त्याच वर्षीं निवर्तले. तेव्हांपासून प्लूटोचा शोध खरा केतकरांचाच, असें अभिमानानें सांगण्याची आपल्याकडे एक चाल पडली आहे. मला ती चाल आवडत नाहीं. आंकडे जुळले हें खरें. पण ज्या तर्कानें ते आले तो तर्क ग्रहांच्या गतींत एक विशिष्ट प्रमाण गृहीत धरणारा होता, आणि दुसरा ग्रह कांहीं सांपडला नाहीं. शिवाय २००६ पासून प्लूटोची गणना बटुग्रहांत होते. केतकरांचें मोठेपण त्यांच्या चाळीस वर्षांच्या गणितांत आहे. तें एका जुळलेल्या आंकड्यावर टांगणें म्हणजे ज्योतिष्याचा खरा ठरलेला एक होरा मिरविण्यासारखेंच आहे.

छत्रे, दीक्षित, केतकर यांच्या दृष्टीनें ग्रह हा एक चालता प्रकाशबिंदु होता. तो कोठें दिसेल एवढाच प्रश्न. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ग्रह हीं स्थळें झालीं: त्यांना जमीन, वारा, धूळ, दऱ्याखोरीं आहेत असें दिसूं लागलें, आणि ग्रहगणिताशेजारीं ग्रहविज्ञान नांवाचें नवें शास्त्र उभें राहिलें. त्या शास्त्राचा एक पुरावा तर आमच्या शेजारच्या बुलढाणें जिल्ह्यांत आहे. लोणारचें सरोवर लवणासुराच्या कथेमुळें पिढ्यान् पिढ्या माहीत होतें. १९७३ सालीं अमेरिकेंतील 'सायन्स' या साप्ताहिकांत एक शोधनिबंध आला, आणि तें सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचें विवर आकाशांतून आलेल्या पाषाणाच्या आघातानें काळ्या खडकांत पडलेलें आहे हें प्रस्थापित झालें. चंद्रावरील विवरांचे भाऊबंद आपल्या बैलगाडीच्या वाटेवर निघाले. त्याचा बोभाटा इंग्रजींत झाला. आमच्या गांवीं ती बातमी आली तेव्हां लवणासुर आणखी बरींच वर्षें राज्य करून चुकला होता.

या नव्या शास्त्रांत सांगणाऱ्याच्या मानाचा प्रश्न अमेरिकेंत एकदां उघडपणें उभा राहिला. कार्ल सेगन हा खरा ग्रहशास्त्रज्ञ. शुक्र भट्टीसारखा तापलेला आहे आणि त्याचें कारण त्याच्या दाट वातावरणानें उष्णता कोंडून धरणें हें आहे, असें प्रतिपादन त्यानें १९६० च्या सुमारास केलें. पुढें अवकाशयानांनीं तें खरें ठरविलें. मंगळावर ऋतुमानाप्रमाणें पालटणाऱ्या काळसर छटांस लोक वनस्पति समजत. ती वाऱ्यानें उडणारी धूळ आहे, असें त्यानें सहकाऱ्यांसह दाखविलें. परंतु १९८० सालीं दूरचित्रवाणीवर त्याची 'कॉसमॉस' ही मालिका झाली आणि तो घरोघरचा झाला. १९९२ सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें त्याचें नांव सभासदत्वासाठीं नाकारलें. पुष्कळांचें म्हणणें असें कीं, लोकप्रियता हाच त्याचा अपराध ठरला. गंमत अशी कीं, त्याच अकादमीनें १९९४ सालीं त्याला लोककल्याणाचें पदक दिलें. जणूं ओसरीवर पाट मांडला आणि माजघराचें दार लावून घेतलें. १९९६ च्या डिसेंबरांत तो वारला. १९९८ पासून तेथील ज्योतिषसंस्थेची ग्रहविज्ञान शाखा त्याच्याच नांवाचें पदक देते, आणि तें मिळतें ग्रहांचें विज्ञान लोकांस उत्तम रीतीनें सांगणाऱ्या ग्रहशास्त्रज्ञास.

सेगन वारला त्याच १९९६ सालचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार झेक ज्योतिर्विद यिरी ग्रिगार यांच्या जोडीनें जयंत विष्णु नारळीकर यांना मिळाला. हा पुरस्कार विज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या कामासाठींच आहे. ओरिसाचे बिजू पटनाईक यांच्या देणगींतून तो १९५२ पासून सुरू झाला. नारळीकरांचे गुरु फ्रेड हॉइल यांनाहि तो १९६७ सालीं मिळाला होता. नारळीकर ग्रहशास्त्रज्ञ नव्हते. त्यांचा विषय विश्वरचना. पण मराठी माणसाच्या डोक्यावरचे ग्रह उतरविण्याचें काम अलीकडच्या काळांत त्यांच्याइतकें नेटानें दुसऱ्या कोणीं केलें असेल असें मला वाटत नाहीं. २००८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, डॉ. नरेंद्र दाभोलकर हे त्यांत होते, फलज्योतिषाची एक परीक्षा घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या, आणि प्रत्येक ज्योतिष्याकडे चाळीस देऊन कोणती कुंडली कोणत्या मुलाची तें ओळखावयास सांगितलें. २७ ज्योतिष्यांनीं उत्तरें पाठविलीं. बरोबर निघालीं शेंकडा ४६. नाणें उडवून पाहिलें असतें तर याहून वाईट झालें नसतें.

त्यांच्या दोन गोष्टी मला फार लोभस वाटतात. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नांवानें, म्हणजे स्वतःचीं आद्याक्षरें उलटीं करून, पाठविली, आणि पहिलें बक्षीस मिळविलें. केंब्रिजचा रँग्लर, पद्मभूषण. पण मराठी कथा आपल्या गुणावर उभी राहते कीं नाहीं हें त्यांना नांव झांकून पाहावयाचें होतें. दुसरी गोष्ट स्वाक्षरीची. मुलें वह्या घेऊन मागें लागलीं कीं ते म्हणत, पोस्टकार्डावर एक विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा; उत्तर सहीनिशीं येईल. आणि तें येई.

२०२१ सालीं नाशिकच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. २० मे २०२५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. दीक्षितांच्या 'ज्योतिर्विलासा'नंतर शंभरावर वर्षांनीं मराठी समाजानें लोकांस आकाश सांगणाऱ्यास त्या सांगण्याबद्दलहि मान दिला, ही समाधानाची गोष्ट. तरी एक खंत राहतेच. हा मान आपण देतों तो ज्याचें मोठेपण अगोदर दुसरीकडे सिद्ध झालेलें आहे त्यालाच. ज्याच्यामागें केंब्रिज नाहीं, शिलालेख नाहींत, ज्यानें पगारांतून पैसे सांठवून एक दुर्बीण घेतली आणि जो ती सायकलला बांधून गच्चीगच्चीवर नेतो, त्याच्यासाठीं एकादी शालहि कोणी काढीत नाहीं. दीक्षितहि त्यांच्या हयातींत बहुतेकांच्या दृष्टीनें एक मास्तरच होते.

त्या रात्रीं त्या मुलीला गुरुजींनीं दिलेलें उत्तर सांगावयाचें राहिलें. ते म्हणाले, 'एवढाच दिसतो, कारण बारा कोटी किलोमीटरांवर आहे.' तिनें पुन्हां डोळा लावला. 'आणि तिथं काय आहे?' 'धूळ. तांबडी धूळ, आणि ती उडवणारा वारा.' ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग हंसून म्हणाली, 'आपल्या वैशाखासारखंच की मग.' वृद्ध बाई खालीं निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ती मुलगी धाकट्या भावाला घेऊन पुन्हां गच्चीवर आली, आणि गुरुजी येण्यापूर्वींच तिनें मंगळ कोठें आहे तें त्याला बोटानें दाखविलें.